दोन बोटं माया

“...मग त्यात माझं चुकलं कुठं, आक्का? तेवढं एक सांगा.”

कुमुद अजून उंबऱ्यातच होती. चपला काढायच्या आधी तिनं प्रश्न काढला.

आक्का मशीनवर वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आत ये आधी. उजेड अडतोय,” म्हणाल्या.

चंद्राक्का माझ्या सासूबाई. वय तेव्हा पंचाहत्तर. तिशीच्या आसपास कधीतरी शिवायला बसल्या त्या उठल्याच नाहीत. दुकान नाही, दारावर पाटी नाही. घरच्या सोप्यात एक हातमशीन, एक पाट, आणि भिंतीला टेकून बसलेल्या चार-पाच शिकणाऱ्या बायका. आमच्या तालुक्याच्या गावात निम्म्या बायकांना कात्री धरायला त्यांनी शिकवलं.

मला नाही शिकवलं. “तुझा हात जड हाय” म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी मला सुईत दोरा ओवायच्या कामावर नेमलं. सव्वीस वर्षं मी तेवढंच केलं. त्यामुळं त्या सोप्यात बसायचा आणि सगळं ऐकायचा हक्क मात्र मला मिळाला.

झबली, टोपडी, दुपटी, परकर, चोळ्या. निवडणुका आल्या की झेंडे. ह्यांचेही आणि त्यांचेही. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांचे लेंगे इथंच शिवले, आणि सुटून आल्यावर त्यांच्या सत्काराच्या टोप्याही इथंच. राज्यं आली, गेली. आक्कांनी कधी मशीन थांबवून कुणाचं राज्य आहे असं विचारलं नाही.

ते त्र्याण्णव साल होतं. जानेवारी.

मुंबईच्या बातम्या रोज येत होत्या. आमच्या गावात तसं काही जळलं नव्हतं. एक दगड पडला होता, एक काच फुटली होती, एवढंच. पण दोन पेठा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. भाजी घेतानासुद्धा बायका आधी विकणारीचं तोंड बघायच्या आणि मग भाजी.

कुमुद आत आली. पाटावर बसली नाही, खुर्ची ओढून बसली. महिला मंडळाची अध्यक्षा झाल्यापासून तिला खाली बसवत नसे. पुढच्या नगरपालिकेला ती उभी राहणार असंही गावात बोललं जायचं, आणि ते बोलणं बहुतेक तिच्याच घरातून सुरू झालेलं असायचं.

मी पाणी आणून दिलं. तिनं ते हातात तसंच धरून ठेवलं.

“हमीदा निघालीय,” ती म्हणाली. “निपाणीला, भावाकडं. चारला टेम्पो लागणार. सगळं सामान बांधून झालंय.”

“ठावं हाय.”

“कायमची चाललीय, आक्का!”

“ते बी ठावं हाय. सकाळी आलती. ह्या कात्रीला नवऱ्याकडनं धार लावून आणून दिली आन् गेली.”

“मग तुम्ही अडवलं नाहीत?”

“मी कशाला अडवू? मी न्हाई काढली तिला.”

...

कुमुदनं भांडं खाली ठेवलं. जरा जोरातच ठेवलं.

आता हमीदा कोण ते सांगायला हवं. कुमुद आणि हमीदा शिकलगार एकाच आठवड्यात आक्कांकडं शिकायला आल्या होत्या. पंचवीस वर्षांमागं. मी तेव्हा नवी सून.

आक्कांची एक खोड होती. नव्या बाईला पहिला महिना त्या कापड देत नसत. जुने कपडे पुढ्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, “उसव.” ब्लेड नाही, कात्री नाही. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायचा, कापडाला भोक पडता कामा नये.

कुमुद आठ दिवसांत वैतागली. “मी शिवायला आले की उसवायला?” म्हणाली आणि नवव्या दिवशी घरून कापड आणून, न विचारता, सगळ्यांसमोर ब्लाउज कापून दाखवला. तो इतका नीट कापला होता की आक्कांना बोलायला काही राहिलं नाही. त्या दिवसापासून कुमुदनं उसवायचं काम कधी हातात धरलं नाही.

हमीदा महिनाभर उसवत बसली. महिना झाला तरी कुणी थांब म्हटलं नाही म्हणून आणखी पंधरा दिवस उसवत बसली. आम्ही पदर तोंडाला लावून हसायचो.

पुढं त्या दोघींची जोडीच जमली. हमीदानं कापायचं, कुमुदनं शिवायचं. हमीदा तिला “कुमे” म्हणायची. भर बाजारात, नवऱ्यासमोर, सासूसमोर, कुठंही. “अगं कुमे, बाही उलटी लावलीस की!” अशी हाक आली की कुमुद लाजून लाल व्हायची, पण रागवायची नाही. अध्यक्षा झाल्यावरही नाही. गावात तेवढी एकच बाई तिला कुमे म्हणणारी उरली होती.

मंडळातर्फे दर वर्षी शाळेचे गणवेश शिवायचं काम निघायचं. बावीस बायकांना घरबसल्या काम मिळायचं. त्यांची नावं कुमुद ठरवायची. पहिलं नाव नेहमी हमीदाचं, कारण कापायचं काम तिचं.

त्या वर्षी एकवीस बायका झाल्या.

“मी काढलं नाही तिला,” कुमुद म्हणाली. “लोक काहीही बोलतात. मी तिचं नाव खोडलंसुद्धा नाही. आईशप्पथ, आक्का! पेठेतली माणसं घरी आली होती. यादी जरा बघून करा म्हणाली. मी म्हटलं, मी कुणाचं नाव खोडणार नाही. तोंडावर सांगितलं त्यांना.”

“मग?”

“यादी जुनी झाली होती. कागद पार चुरगळला होता. म्हणून सेक्रेटरीला म्हटलं, नव्यानं लिहून आण. तिनं लिहून आणली. मी खाली सही केली.”

“वाचून केलीस?”

...

“वाचून केलीस का न वाचता, कुमुद?”

“वाचून.”

आक्कांनी मशीनचा दांडा फिरवायला घेतला. एका परकराची नेफ्याची शिवण चालली होती. ती त्यांनी टोकापर्यंत नेली. कुमुद बोटातली अंगठी फिरवत बसली. मला खरं सांगायचं तर तिचा राग आला होता, आणि तरी तिचं तोंड बघून वाईटही वाटत होतं.

“मी तिच्यासाठी किती बोलले ते कुणी बघत नाही,” कुमुद पुन्हा सुरू झाली. “शांतता समितीच्या सभेत, सगळ्या गावासमोर! मामलेदार बसले होते, फौजदार बसले होते. तुमचं नाव घेऊन बोलले मी.”

“माझं? काय बोललीस?”

कुमुद खुर्चीत ताठ झाली. तिचा आवाजच बदलला.

“‘बंधुभगिनींनो, आमच्या गुरू चंद्राक्का कापड कापताना आम्हाला सांगायच्या, बायांनो, माया ठेवा! कापडात माया ठेवली तर कपडा टिकतो. माणसांत माया ठेवली तर गाव टिकतं!’”

ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आमच्याकडं माया म्हणतात. आक्का दोन्ही बगलांना दोन-दोन बोटं सोडायला लावायच्या. पुढं अंग सुटलं तर कपडा वाढवता येतो, टाकून द्यावा लागत नाही.

त्या सभेला मी होते. भाषण मला आवडलं होतं. मीही टाळ्या वाजवल्या होत्या, डोळेसुद्धा पुसले होते. हमीदा बायकांच्या मागच्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही. नवी यादी तिसऱ्याच दिवशी शाळेच्या भिंतीवर लागली.

“किती टाळ्या पडल्या, आक्का! पेपरात आलं तुमचं नाव.”

“मी असं कवा म्हणले?”

“म्हणजे अगदी तसं नाही... पण अर्थ तोच की.”

“माया म्हंजे कापड, बाई. दोन बोटं कापड. त्याचा अर्थ काढ म्हणून मी कुणाला सांगितलं न्हवतं.”

कुमुद हिरमुसली. पेपराचं कात्रण तिनं पर्समधून काढलं होतं, ते परत आत ठेवलं.

आक्का तिच्याकडं बघत होत्या. चष्मा कपाळावर सरकवून, नीट न्याहाळून बघत होत्या.

“इकडं ये,” म्हणाल्या.

“काय?”

“ये तर. हात वर कर.”

कुमुद उठली आणि आक्कांपुढं उभी राहिली. अध्यक्षीणबाई शाळेतल्या पोरीसारखी हात वर करून उभी! दुसरा कुठला दिवस असता तर मी हसले असते.

आक्कांनी तिचा पदर बाजूला केला. ब्लाउजच्या बगलेच्या शिवणीखाली दोन बोटं घालायला बघितली. बोटं जाईनात. काखेखाली कापड रुतून मांसाला लाल वळ पडला होता.

“काचतोय न्हवं?”

“काचतोय जरा. दिवाळीपासून अंग सुटलंय.”

“कुणी कापलाय?”

“हमीदानंच. दुसरं कोण कापणार?”

“माया हाय आत?”

“आहे की! हमीदानं कापलाय म्हटल्यावर असणारच. चांगली दोन बोटं आहे.”

“मग?”

“मग काय?”

“माया हाय म्हणतीस. मग काचतोय कसा?”

कुमुद हसली. एवढ्याशा गोष्टीवर काय विचारताय, असं तिचं हसणं होतं.

“अहो आक्का, नुसती माया असून काय उपयोग? आधी शिवण उसवायला नको का? ती उसवायची राहिली...”

आणि ती थांबली.

...

हात तिचा वरच होता. आक्कांनी तो धरून हळूच खाली केला आणि पदर नीट केला.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. आक्का परत परकराकडं वळल्या.

कुमुद खुर्चीकडं गेली नाही. तिथंच, आक्कांच्या मशीनशेजारी, जमिनीवर बसली. अध्यक्षा झाल्यापासून मी तिला पहिल्यांदाच तशी बसलेली बघत होते.

“मी गेले होते तिच्याकडं,” ती म्हणाली. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “यादी लागायच्या आदल्या दिवशी. म्हटलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगावं. ती कापत होती. मी म्हटलं, ह्या वर्षी जरा थांब, तुला माहीतच आहे दिवस कसे आहेत, पुढच्या वर्षी पहिलं नाव तुझंच.”

“काय म्हणली?”

“कात्री थांबवली नाही तिनं. मान खाली घालून कापतच होती.”

“म्हणली काय पर?”

“‘बरं, ताई’ म्हणाली.”

...

“मला ताई म्हणाली, आक्का.”

कुमुद रडायला लागली. तोंड दाबून, आवाज न करता रडत होती. मी उठणार होते. आक्कांनी डोळ्यांनीच मला बस म्हणून सांगितलं.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सव्वातीन झाले होते.

“तुम्ही चला,” ती एकदम म्हणाली. “आत्ता चला, आक्का. रिक्षा आणते. तुम्ही नुसतं टेम्पोपुढं उभं राहायचं. काही बोलूसुद्धा नका. तुमचा शब्द ती मोडणार नाही.”

“मी न्हाई येणार.”

“का पण?”

“मला ते येत न्हाई.”

“तुम्हाला येत नाही असं काय आहे? अख्ख्या गावाला तुम्ही शिकवलंत!”

आक्कांनी मशीनवर तळहात ठेवला.

“ह्ये मशीन कुणाचं हाय?”

“कुणाचं म्हणजे? तुमचं.”

“न्हवं.”

मी चमकले. ते मशीन मी सव्वीस वर्षं पुसत होते. माहेरहून आणलं असेल असं मला वाटायचं. मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

“गोदूकाकू सोवनी म्हणून एक बाई होती ह्या गावात,” आक्का म्हणाल्या. “बामणाची. नवरा गेलेला, पोरबाळ न्हाई. लोकांचं शिवून खायची. तिनंच मला शिकवलं. मला घरात न्हाई घ्यायची, बाहेर वसरीवर बसवायची. तहान लागली तर पाणी वरनं ओंजळीत ओतायची. पर शिकवताना काई हातचं राखलं न्हाई तिनं. उसवायला बी तिनंच लावलं मला, म्हैनाभर.”

कुमुद ऐकत होती.

“अठ्ठेचाळीस साली गांधीजींना मारल्याची बातमी आली. दोन दिवसांनी आपल्या गावात बामणांची घरं पेटली. काकूचा काय संबंध? तिला दिल्ली कुठल्या बाजूला हाय ते सुदिक ठावं नसंल. भर दुपारची आली. ह्याच दारात. डोक्यावर ह्ये मशीन, अनवाणी.”

आक्कांनी दाराकडं बघितलं.

“मला म्हणली, ‘चंद्रे, घरात घे.’”

...

“मग?” कुमुदनं विचारलं.

“घेतलं.”

“बरं केलंत.”

“मशीन घेतलं.”

कुमुदला कळायला वेळ लागला. मलाही लागला.

“तिच्या डोक्यावरनं मशीन उतरवून घेतलं, आत ठेवलं आन् दार लावलं. सासू मागं उभी होती, दीर उभा होता, दार लाव म्हणत हुते. पर लावलं मी. ह्या हातानं. काकू ‘घे’ म्हणली. काय घे, ते म्हणली न्हाई. मी बी विचारलं न्हाई. मशीनच म्हणली असंल, असं मी माझ्या मनाला सांगितलं. आजवर तेच सांगती.”

“आणि त्या?”

“दाराबाहेर हुती थोडा वेळ. पायाचा आवाज येत हुता. मग गेली. चालत स्टेशनापतुर गेली म्हणं.”

मला त्या दाराकडं बघवेना. त्याच दारातून मी लग्न होऊन आत आले होते.

“पंधरा वर्सांनी पत्ता काढून पुण्याला गेले,” आक्का पुढं म्हणाल्या. “मालकांना देवाला जाती म्हणून सांगितलं. ती भाच्याकडं ऱ्हात हुती. सगळ्या वाटेनं मनात बोलत गेले, पाय धरीन, रडीन, मशीन पाठवून देती म्हणीन. तिनं दार उघडलं. मला वळखलं. आन् म्हणली, ‘या.’”

“या?”

“‘या. बसा. आत बसा की.’ आत घेतलं मला, पार खोलीत. चहा केला. घरच्या कपबशीतनं दिला. ‘चहा घ्या’ म्हणली. चंद्री म्हणायची ती मला, कुमुद.”

...

“मग ‘मशीन चालतंय का नीट?’ इचारलं. म्हणलं, चालतंय. ‘तेल घालत जा हो वेळच्या वेळी’ म्हणली. मी चहा पिला आन् उठून आले.”

“काहीच बोलला नाहीत? एवढं लांब जाऊन?”

“बोलायला तिनं जागाच ठेवली न्हाई. दोन वर्सांनी वारली.”

“आणि मशीन?”

“हाय की. तेल घालती.”

दर शनिवारी सकाळी आक्का अंघोळ करून, कुणाशी न बोलता, मशीनच्या भोकाभोकांत तेलाचे थेंब सोडायच्या. मी आपली समजत होते, शनीचं काहीतरी असेल. शेजारणींनाही तसंच सांगत होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

लांबून टेम्पोचा हॉर्न आला. शिकलगारांची गल्ली आमच्या घरापासून फार लांब नाही.

कुमुद उभी राहिली. साडीला लागलेले दोऱ्यांचे तुकडे झटकले, पदर सारखा केला. पर्स खुर्चीवरच राहिली होती, ती तिनं घेतली नाही.

“मी जाऊ, आक्का?”

“मला कशाला इचारतीस?”

“तिथं जाऊन म्हणू तरी काय? यादी वाचून सही केली, असं सांगू?”

“ते तिला ठावं हाय.”

“मग काय म्हणू?”

परकराचा दोरा आक्कांनी दातानं तोडला आणि सुई माझ्याकडं धरली. मी दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदाही हुकला.

कुमुद दारापाशी गेली. चपला घालताना तिचा पाय सारखा चुकत होता. शेवटी तिनं एक हात चौकटीला टेकला आणि तशीच वळली.

“सगळी गल्ली जमली असेल,” ती म्हणाली. “पेठेतली माणसं बघतील. सेक्रेटरी तिथंच समोर राहते. उद्या मला अध्यक्षा तरी कोण ठेवेल...”

आक्कांनी मांडीवरचा परकर उलटून घेतला.

पुन्हा हॉर्न वाजला. ह्या वेळी दोनदा.

“आणि तिनं दारच लावून घेतलं तर? तोंडावर? सगळ्यांदेखत शिव्या घातल्या तर?”

मी ओवलेली सुई आक्कांच्या हातात दिली. त्यांनी गाठ मारली. मग त्यांनी मान पुरती वर करून तिच्याकडं बघितलं.

“तर सुटलीस, बाई. मला चहा प्यावा लागला.”